नकाशावर बोट ठेवायचं नाही

यमुनामावशीच्या काडीचा मार खाल्लेल्यांत दोन माजी सरपंच, एक बँक मॅनेजर, आमच्या कॉलेजचे प्राचार्य आणि माझे सख्खे सासरे, एवढे लोक मला नावानिशी माहीत आहेत. गुन्हा सगळ्यांचा एकच. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

काडी म्हणजे नारळाच्या झाडूतली हीर. वीतभर लांब आणि टोकाला ब्लेडने तासलेली. ती कायम मावशीच्या अंबाड्यात खोचलेली असते. कुणी नकाशा उघडून "हे बघा, इथे..." म्हणत तर्जनी पुढे केली, की काडी अंबाड्यातून कधी निघाली आणि बोटावर कधी बसली हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. लागत काही नाही, पण माणूस ओशाळतो. मग मावशी तीच काडी त्याच्या हातात देते आणि म्हणते, "आता दाखवा."

"बोटाला तेल असतं गो," तिने मला एकदा समजावलं होतं. "आज तू ठेवलंस, उद्या आणि कोणी ठेवील. धा बोटं लागली की तिथलं गाव पुसलं. मग त्या गावाने जायचं कुठं?"

मोबाइलवरच्या नकाशालाही हाच कायदा. भाच्याने तिला चांगला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. मावशी त्यावर काडी टेकवायची आणि नकाशा काही हलायचा नाही. फोन बिघडलाय म्हणून ती दोनदा दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने बोटाने नकाशा सरकवून दाखवला, "बघा, चालतोय की!" त्यालाही एक बसली.

मी पेणला राहते आणि रोह्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, एकटी. लग्न केलं नाही. नात्याने ती माझी कोणी लागत नाही, ती सगळ्या आळीचीच मावशी. गाव विचारलं तर "रोह्याकडचं" एवढंच सांगायची, आणि आम्हीही खोदून कधी विचारलं नाही. आमच्या आळीत दर दुसऱ्या घरी गणपतीचा कारखाना, त्यामुळे तिच्या खिडकीसमोर वर्षातले आठ महिने बिनरंगाचे गणपती वाळत असतात. तिच्या घरात मात्र देवाची तसबीर एक आणि नकाशे सतरा.

एका सरकारी कचेरीत ती ट्रेसर होती. आता ही जातच संपली, म्हणून सांगते. साहेब लोक मूळ नकाशा आणायचे. त्यावर मेणचट निळसर कापड ताणून टाचण्या मारायच्या, वर पावडर फिरवायची आणि शाईच्या टाकाने खालचा नकाशा रेघेला रेघ लावून वर उतरवायचा. नदी, रस्ता, बांध, विहीर, देऊळ, सगळं. चुकलं तर ब्लेडच्या टोकाने खरवडायचं, पण असं की कापडालाही कळता कामा नये. मावशीने हे काम चौतीस वर्षं केलं. श्वास रोखून रेघ ओढायची सवय अशी जडली, की आजही ती सुईत दोरा ओवताना, दाराला कुलूप लावताना, एवढंच काय, कपात चहा ओततानाही श्वास धरते. नवखा माणूस घाबरतो.

त्या कापडाखालून तिच्या नजरेसमोरून अख्खा जिल्हा गेला. डोंगर कुठे उभा आहे आणि कुठे निजलाय, ओढा कुठे वळतो, हे तिला हाताने माहीत. दिवाळीत तिने दारात रांगोळी काढली, महालमिऱ्या डोंगराच्या समोच्च रेषांची. एकात एक, एकात एक, अशा एकवीस वेड्यावाकड्या रेघा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "अगोबाई, कांद्याची चकती काय सुरेख जमलीय!" मावशी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच जाऊन म्हणाली, "तुमचंही बरोबरच हाय. डोंगर वरून कापला तर कांदाच तो."

हे 'वरून' तिचं फार. कुठल्याही भांडणात, आजारपणात, लग्नाच्या बोलणीत तिचा एकच सल्ला असतो. "वरून बघ गो. खालून सगळं मोठंच दिसतं."

आणि दुसरं एक वाक्य, जे मी हजार वेळा ऐकलं असेल आणि ज्याचा अर्थ मला अगदी अलीकडे कळला. "कोरं काय नसतं." कागद कोरा दिसला की तिला चैन पडत नाही. लग्नपत्रिकांच्या पाठी, औषधाच्या खोक्यांच्या आतल्या बाजू, लाइट बिलांचे समास, सगळीकडे तिची बारीक झाडं, विहिरी आणि बांध. बँकेच्या अर्जात 'पतीचे नाव' या रकान्यात तिने एक छोटासा गवताचा झुबका काढून ठेवला होता. मॅनेजरने विचारलं, हे काय? म्हणाली, "पडीक जमीन. कोरं सोडू नये."

एका लग्नाची गोष्ट तर आळीत अजून सांगतात. पत्रिकेवर हॉलचा नकाशा छापला होता, त्यात उत्तर दिशेचा बाण खाली. मावशी लग्नाला गेली, आहेर दिला, जेवली, आणि निघताना वरबापाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सगळं छान झालं हो. तेवढी उत्तर दिशा नकाशाच्या पायाशी निजवलीत, मंगलकार्यात तसं करू नये." त्या बिचाऱ्याने घाबरून गुरुजींना शांत काही करायची का विचारलं म्हणे.

बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही पेणकर त्याला पोह्याचे पापड देतो आणि गणपतीचे कारखाने दाखवतो. मी मावशी दाखवते. सरळ सांगते, मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी लपवतही नाही.

आमच्या कॉलेजात भूगोलाला कदम सर आहेत. माणूस हुशार, मेहनती, घाटावरचा. मुलांना समोच्च रेषा काही केल्या कळत नाहीत म्हणून ते रडकुंडीला आले होते, तेव्हा मी मावशीला रोह्याला नेलं. तिने कँटीनमधून परातभर भात मागवला, त्याचा डोंगर केला आणि पायथ्याशी एक डावभर आमटी ओतली. आमटी जिथवर चढली तिथे काडीने रेघ मारली. "ही वीस मीटरची." आणखी एक डाव. "ही चाळीसची." असं करत शिखरापर्यंत. "जिथं रेघा चिकटून, तिथं चढ. जिथं लांब लांब, तिथं बैल आरामात जाईल. कळलं? आता जेवा." पोरांनी डोंगर खाऊन टाकला. त्या वर्षी समोच्च रेषांवर कोणी चुकलं नाही. कदम सर तेव्हापासून तिला गुरू मानतात. म्हणजे तोंडावर तरी मानत होते. खरी परीक्षा पुढे आली.

गेल्या वर्षी कॉलेजने ड्रोन घेतला. रोह्याच्या खाली कुंडलिका नदी हळूहळू खारी होते आणि तिची खाडी होते. त्या काठाचा आकाशातून नकाशा करायचं काम आमच्याकडे आलं. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडी कुठे, भातशेती कुठे, चिखल कुठे, उघडं पाणी कुठे. झाडं माझ्याकडे, उडवणं कदम सरांकडे. वाटतं तेवढं हे साधं काम नव्हतं. धाकटी खार नावाच्या गावासमोर जेट्टी बांधायचा कुणाचा तरी विचार चालला होता. आमच्या नकाशात तिथे नुसतं पाणी निघालं तर गाळ उपसायला हरकत घ्यायचं कारण उरणार नव्हतं. चिखल निघाला तर गोष्ट वेगळी. चिखल म्हणजे खाडीचं स्वयंपाकघर. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, शिंपल्या, निवट्या मासे, त्यांच्यावर जगणारे पक्षी, आणि त्या चिखलावर जगणाऱ्या बायका.

ड्रोन उडवला त्या दिवशी मी परीक्षेच्या कामात अडकले होते. कदम सरांनी शेकडो फोटो काढले, सॉफ्टवेअरने ते जोडले, रंग भरले, आणि टेबलाएवढा नकाशा छापून सर थेट पेणला मावशीकडे घेऊन आले. शाबासकी घ्यायलाच आले होते ते.

मावशीने टेबल पुसलं. नकाशावरून पावडरची पुरचुंडी फिरवली. मग कपाटातून एक गुंडाळी काढली. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या सरकारी नकाशावरून, तिने चौकोन पाडून तेवढाच मोठा केलेला, त्याच खाडीचा पारदर्शक कागदावरचा नकाशा होता तो. तो तिने नव्या नकाशावर पसरला आणि काडी घेऊन नदीच्या तोंडाकडून वर यायला लागली. "इथं तिवर वाढलाय... हा बांध फुटला, शेतात खाडी शिरली... इथं वळण सरकलंय..." कदम सरांचा चेहरा खुलत चालला होता. धाकट्या खारीसमोर येऊन काडी थांबली.

"मास्तर, इथं निळा रंग कसा?"

"पाणी आहे, मावशी. सॉफ्टवेअरने ओळखलंय."

"जुन्या शीटवर इथं ठिपके हायत. ठिपके म्हंजे चिखल. ओहोटीला उघडा पडतो तो."

"ती शीट फार जुनी आहे. खाडी बदलते, मावशी. तुम्हीच शिकवलंत."

"उडवलात कधी?"

"दुपारी बाराला. सूर्य डोक्यावर असला की सावल्या पडत नाहीत. तसाच नियम आहे."

"तिथी कुठली होती?"

कदम सरांनी माझ्याकडे बघितलं. ड्रोनच्या पुस्तकात वारा होता, बॅटरी होती, परवानग्या होत्या. तिथी नव्हती. मावशीने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं, तारीख शोधली आणि टेबलावर आपटलं. पौर्णिमा.

"पौर्णिमेला बाराला!" ती म्हणाली. "मास्तर, अंतरपाट धरलेला असताना फोटो काढलात आणि आता म्हणताय, नवरीच नाय!"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला हिशोब आहे हा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेची तिथी पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात खाडीत आतवर पाणी पोचायला तासभर. म्हणजे बाराच्या सुमाराला उधाणाचं पाणी काठोकाठ. सावल्या टाळायच्या नादात कदम सरांनी नेमका असा मुहूर्त गाठला होता, की सगळा चिखल गळ्यापर्यंत पाण्यात. आणि मी? मी वर्षानुवर्षं त्या काठाने हिंडतेय, पण पाणी उतरल्यावर. तिथी सांगायचं मला सुचलंच नाही.

"परत उडवा," मावशी म्हणाली. "पंचमीला. पाचाची पाऊणपट पावणेचार, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, आणि खाडीचा एक तास. साडेदहा-अकरा. ऊनही असेल आणि चिखलही."

कदम सरांचा चेहरा पडला. परत परवानगी, परत गाडी, परत सगळे फोटो जोडायचे, आणि अहवाल द्यायची मुदत तोंडावर. "मावशी, एवढ्याशा तुकड्यासाठी..." ते म्हणाले.

मावशी भडकली. तिला एवढं चिडलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. कचेरीतल्या चौतीस वर्षांची भाषा एका क्षणात जिभेवरून उतरली. "एवढासा? तुमाला म्हायती तरी हाय काय हाय तिथं? वरून उडालात आन् काय नाय दिसलं म्हून काय नाय? कोरं काय नसतं, मास्तर! कोरं काय नसतं!" सर नकाशा गुंडाळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरते तर मावशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलेली. सकाळच्या गाडीने एकटी आली होती. प्राचार्यांनी तिला बघताच दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि पंचमीची मंजुरी देऊन टाकली.

पंचमीला आम्ही धाकट्या खारीच्या बांधावर उभे होतो. साडेदहा वाजले होते. पौर्णिमेला जिथे नुसतं पाणी होतं तिथे आता लांबच लांब करडा, चकचकीत चिखल उघडा पडला होता. निवट्या उड्या मारत होत्या, बगळे टपून होते. आणि मधोमध पंधरा-वीस बायका, लुगडी गुडघ्यावर खोचलेल्या, कमरेत वाकून चिखल चाचपत होत्या. कदम सरांमधला भूगोलवाला जागा झाला. "मॅडम, त्या बायकांना जरा बाजूला व्हायला सांगता का? नकाशात ठिपके येतील."

"येऊ देत," मावशी म्हणाली. "ठिपके यायलाच पायजेत."

ड्रोन वर गेला. तो आवाज ऐकून बायकांनी माना वर केल्या, हसल्या, एकीने हात हलवला, आणि परत वाकल्या. तेवढ्यात एक म्हातारी टोपली घेऊन चिखलातून बांधावर चढली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, टोपलीत चिंबोऱ्यांची खसफस. तिने आमच्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, दोन पावलं जवळ आली.

"गो, तू जानकीची यमू ना?"

मावशीने पदर सारखा केला. मला वाटलं, ओळख पटली नसावी. मग ती अगदी हळू म्हणाली, "व्हय, गोदू."

गोदूबायने टोपली खाली ठेवली, चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि मावशीच्या गालावरून फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी बघतच राहिले. रोह्याकडचं, रोह्याकडचं म्हणत होती ते हे गाव.

गोदूबाय गेल्यावर मावशी बांधावरच टेकली. ड्रोन वर घुमत होता, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कचेरीत मी सांगितलेलं, आमची भातशेती हाय," ती म्हणाली. "आई चिखलात जाते, हे कसं सांगायचं? बाकीच्या पोरी शिक्षकांच्या, कारकुनांच्या. मी येताना दोनदा साबण लावायची, वास यील म्हून. मग एकदा ह्याच खाडीचा नकाशा आला. मूळ शीटवर इथं ठिपकेच ठिपके. टाकाने एकेक ठिपका मारायचा म्हंजे तीन दिवसांचं काम. साहेब बोलले, बाई, एवढे ठिपके कोण मारतंय, चिखल तर आहे, सोडा कोरं." तिने काडी समोरच्या चिखलाकडे केली. "त्या वेळेला आई इथंच होती गो. ह्याच चिखलात. आणि मी बोलली, हो साहेब."

लग्नपत्रिकांच्या पाठीवरची झाडं, बँकेच्या अर्जातला गवताचा झुबका, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आम्ही आळीभर त्यावर हसलो होतो. मीही हसले होते.

नवा नकाशा छापून आला. या खेपेला धाकट्या खारीसमोर निळा नव्हता, एक मोठा करडा पट्टा होता. कदम सर स्वतः घेऊन आले आणि मावशीच्या पाया पडले. घाटावरची माणसं चूक मान्य करायची तर अशी मनापासून करतात. मावशीने नकाशा बघितला, मान डोलावली आणि टाक बाहेर काढला.

"ठिपके मारायचे राहिलेत."

"मावशी, ते सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर भरतात. मी आत्ता..."

"ते माझे हायत, मास्तर. माझ्याकडून राहिलेत."

तीन दिवस ती बसली. सकाळी सूर्य खिडकीत आला की सुरू आणि उजेड उतरला की बंद. समोर गणपती वाळत होते, आत मावशी श्वास रोखून ठिपके मारत होती. मी वरून जेवण आणून द्यायचे आणि जराही आवाज न करता बघत बसायचे. सत्तरी ओलांडलेला हात, पण एकही ठिपका दुसऱ्याला टेकला नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. जणू मीच मारत होते.

मग धाकट्या खारीच्या शाळेत बैठक झाली. दोन बाकं जोडून त्यांवर नकाशा पसरला होता. गाव जमलं होतं, आमचे प्राचार्य होते, जेट्टीच्या बाजूचे एक साहेब होते. कदम सरांनी सगळं समजावून सांगितलं, तिथीसकट. पौर्णिमेची आपली चूकही सांगितली. साहेब पुढे झाले. "पण आम्हाला तर सांगितलं होतं, की या भागात..." म्हणत त्यांनी बोट टेकवलं. सटकन काडी बसली. प्राचार्यांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. मावशीने साहेबांच्या हातात काडी दिली. "आता दाखवा."

साहेबांनी काडीने दाखवलं. काडीखाली ठिपकेच ठिपके होते. "हं," ते म्हणाले आणि काडी परत दिली. जेट्टीचं पुढे काय व्हायचं ते होवो, तिथे नुसतं पाणी आहे असं आता कोणी म्हणू शकणार नाही.

सगळे पांगल्यावर गोदूबाय पुढे आली. हात धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन. बराच वेळ ती नकाशाकडे बघत राहिली.

"यमू, आमी हाव का ह्यात?"

करड्या पट्ट्यावर, मावशीच्या बारीक काळ्या ठिपक्यांमध्ये, पंधरा-वीस ठिपके जरा मोठे होते, रंगीत होते. ड्रोनला वरून दिसलेल्या वाकलेल्या पाठी. मावशीने हे सांगितलं तशी गोदूबाय वाकली, हसली, आणि एका लाल ठिपक्यावर तिने सरळ बोट टेकवलं. "ह्यी मी! लाल लुगडं!"

प्राचार्यांनी सवयीने आपला हात मागे घेतला. मावशीचा हात अंबाड्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. मग तो खाली आला. गोदूबायच्या बोटाशेजारी, जरा उत्तरेला, मावशीने आपलं बोट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दाबून धरलं.

"इथं," ती म्हणाली. "आई इथं असायची. माझ्या ध्यानात हाय."

"व्हय," गोदूबाय म्हणाली. "तिथंच. तिला तिथंच गावायच्या चिंबोऱ्या."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही. तीन दिवसांची मेहनत होती ती, आणि शाई अजून नवी होती.

"मावशी," मी म्हटलं, "डाग पडेल."

"पडू दे गो," मावशी म्हणाली. तिने बोट उचललं नाही. "चाळीस वर्षं तिथं कायच नव्हतं."